टाचणीचं टोक आणि पानाचं टोक

माझी एक मैत्रीण फुलांच्या सजावटीचं काम करते, तिचा रात्री उशिरा फोटो आला आणि खाली एकच ओळ, "हे कुठलं पिनकुशन ते सांग, उद्या सकाळी लेबल लिहायचंय." फोटो बघितला तर वरून काढलेला, केशरी फुलाचा गोल गड्डा, त्यातून सगळीकडे टाचण्या बाहेर आलेल्या, सुंदर दिसत होतं यात वादच नाही पण त्या फोटोवरून नाव सांगणं म्हणजे एखाद्याच्या डोक्याचा वरून फोटो काढून तो कोण आहे ते विचारण्यासारखं. मी तिला लिहिलं की बाजूने एक फोटो काढ, एक पान तोडून पांढऱ्या कागदावर ठेव त्याचा एक, आणि फूल दांडीवर कसं बसलंय ते दिसेल असा एक. ती म्हणाली, "रंग दिसतोय ना, पुरत नाही का?" नाही पुरत. म्हणूनच हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं, कारण हाच प्रश्न मला वेगवेगळ्या लोकांकडून सारखा येतो आणि प्रत्येक जण रंगापासूनच सुरुवात करतो.

आधी हे पिनकुशनच आहे ना ते बघून घेऊ. कारण पिनकुशन हे नाव फार सैल वापरलं जातं. स्कॅबिओसा नावाचं ते नाजूक निळं-जांभळं बागेतलं फूल, त्यालाही लोक पिनकुशन म्हणतात, आणि ऑस्ट्रेलियातल्या हाकिया लॉरिना या झाडालाही म्हणतात, ते तर कुटुंबाने जवळचं आहे त्यामुळे फोटोत आणखी फसवतं. आपण ज्याबद्दल बोलतोय ते म्हणजे ल्यूकोस्पर्मम. बाजारात त्याला सरसकट 'पिनकुशन प्रोटिया' म्हणतात पण ते प्रोटिया नाही, प्रोटियाचं भावंड आहे. लिनियसने १७३५ मध्ये प्रोटिया हे नाव ठेवलं ते रूप बदलणाऱ्या ग्रीक देवावरून, आणि ल्यूकोस्पर्मम हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊनने १८१० मध्ये दिलं, त्याचा अर्थ पांढरं बी. बीवर एक फिकट मऊ आवरण असतं, ते मुंग्यांना आवडतं, मुंग्या बी ओढून जमिनीखाली नेतात, आवरण खातात आणि बी तिथेच सोडून देतात, मग कधी वणवा लागला की वरची झुडपं जळून जातात आणि खाली सुरक्षित राहिलेलं बी रुजतं. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या त्या झुडपी रानाचं, फिनबॉसचं, निम्मं गणितच या आगीवर चालतं. पन्नासच्या आतबाहेर जाती आहेत या वंशात, बहुतेक सगळ्या केपच्या नैऋत्य टोकाकडे, थोड्या वर झिंबाब्वे-मोझांबिकपर्यंत.

खरा प्रोटिया आणि हे यातला फरक एका नजरेत कळतो. प्रोटियामध्ये आपल्याला जी मोठी रंगीत 'पाकळी' दिसते ती पाकळी नसतेच, ती छदं असतात, म्हणजे फुलोऱ्याभोवतीची पानंच, त्यांचा पेला होतो आणि फुलं आत असतात. पिनकुशनमध्ये ही छदं लहान, खाली दबलेली, लक्षातही येत नाहीत, आणि सगळा तमाशा टाचण्यांचा असतो. तिसरं भावंड ल्यूकाडेंड्रॉन, तेही गुच्छात भरायला वापरतात, त्यात टाचण्या नाहीत, टोकाची पानं रंगीत होतात आणि नर-मादी झाडं वेगवेगळी असतात. एवढं पक्कं केलं की पुढे जायचं.

आता टाचणी म्हणजे नक्की काय, इथे मला थोडं थांबायचंय कारण ओळखीतल्या अर्ध्या चुका इथे होतात. तो गोल गड्डा म्हणजे एक फूल नाही, पुष्कळ लहान फुलं एकत्र बसलेली असतात, आणि प्रत्येक फुलाची एक टाचणी. टाचणी म्हणजे कुक्षीवृंत, मादी भागाची लांब कडक दांडी. कळी असते तेव्हा या दांडीचं डोकं चार पट्ट्यांच्या आवरणात अडकलेलं असतं, दांडी वाढत राहते पण डोकं सुटत नाही, म्हणून ती मधून धनुष्यासारखी बाहेर फुगते, कोवळ्या फुलात जे आकडे किंवा कड्या कड्या दिसतात ना ते हेच. आणि याच वेळात आतले परागकोश फुटून सगळा पराग त्या टाचणीच्या डोक्यावर चोपडून ठेवतात. मग एके दिवशी डोकं सुटतं, टाचणी ताठ होते, आवरणाच्या पट्ट्या मागे गुंडाळल्या जातात, आणि टाचणीच्या डोक्यावर पराग तयारच असतो. केपमधला लांब शेपटीचा शुगरबर्ड किंवा सनबर्ड पक्षी मध प्यायला आला की त्याच्या डोक्याला तो पराग लागतो. नंतर तेच डोकं दुसऱ्या फुलाचा पराग घ्यायला तयार होतं. एकच डोकं आधी देतं आणि नंतर घेतं, मला हे दर वेळी बघताना नव्याने आवडतं.

याचा ओळखीशी संबंध काय, तर हा की फुलाचं वय बघितल्याशिवाय काही बोलायचं नाही. व्यापारासाठी फूल पूर्ण उघडायची वाट बघत नाहीत, काही टाचण्या सुटल्या की कापतात आणि उरलेल्या पाण्यात उघडतात. म्हणजे पहिल्या दिवशी तुमच्या हातात जे येतं ते कड्याकड्यांचं घट्ट फूल, आणि आठवड्याने तेच फूल पसरलेलं, खाली त्या गुंडाळलेल्या पट्ट्यांच्या रंगीत रिबिनींचा गुंता झालेलं. मी एकदा एकच दांडी पाण्यात ठेवून रोज सकाळी त्याच जागेवरून फोटो काढले, दोन आठवडे, आणि पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवून दोघांना दाखवला, दोघांनीही ही दोन वेगळी फुलं आहेत असं सांगितलं. रंगसुद्धा बदलतो, कळीत आवरणाचा रंग दिसतो, उघडल्यावर टाचणीचा, आणि जुनं होताना बऱ्याच जाती गडद होत जातात.

आणि म्हणूनच रंग नको. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ल्यूकोस्पर्मम कॉर्डिफोलियम, शेतीत सगळ्यात जास्त लावलेली जात. ही केशरी असते, शेंदरी असते आणि स्वच्छ पिवळीही असते. 'फ्लेम जायंट' आणि 'यलो बर्ड' ही दोन्ही याच जातीची निवडलेली वाणं, शेजारी ठेवली तर रंगावरून कुणी एका जातीची म्हणणार नाही. उलट बाजूने, पिवळं फूल दिसलं तर ते कॉर्डिफोलियम असेल, लिनिअर असेल, कोनोकार्पोडेंड्रॉन असेल, रिफ्लेक्समचं पिवळं रूप असेल, या सगळ्या याच वंशातल्या जाती, नाहीतर दोन जातींचा कुठला संकर असेल. रंगाने फक्त गुच्छ ठरतो, नाव ठरत नाही.

मग बघायचं काय? मी ज्या क्रमाने बघते तो सांगते, दुसऱ्या कुणाचा क्रम वेगळा असेल.

सगळ्यात आधी फूल दांडीवर कुठल्या कोनात बसलंय ते. कॉर्डिफोलियमचं फूल दांडीला जवळजवळ काटकोनात असतं, म्हणजे दांडी उभी धरली तर फूल बाजूला तोंड करून बघतं. या जातीला पूर्वी नूटान्स म्हणायचे, त्याचा अर्थच मान वाकवलेलं. ही एक खूण इतकी पक्की आहे की संकरातही बऱ्याचदा उतरते, फूल पूर्ण काटकोनात नसलं तरी थोडं कलतं, आणि तेवढ्या कलण्यावरून मला वाटतं हिच्यात कॉर्डिफोलियम आहे. फक्त गुच्छ बांधलेला असेल तर कोन दिसत नाही, दांड्या एकमेकींना रेटून फुलं वर वळवलेली असतात, म्हणून एक दांडी सुटी करून मोकळी हातात धरूनच बघायचं.

मग पान, आणि पानात आधी टोक. या वंशाच्या पानांच्या टोकाला बऱ्याचदा लहान दात असतात आणि प्रत्येक दाताच्या टोकावर एक जाडसर ग्रंथी, बहुतेक वेळा लालसर, जसं काही कुणी टोकाला रंगाचा थेंब लावलाय. हे दात मोजायचे, एका पानाचे नाही, पाच-सहा पानांचे, कारण एकाच फांदीवर कमीजास्त होतात. कॉर्डिफोलियमचं पान बुडाशी हृदयाच्या आकाराचं, दांडीला जवळजवळ बिलगलेलं, दात एकही नसतो किंवा सहापर्यंत असतात. लिनिअरचं पान नावाप्रमाणे लांब अरुंद, पट्टीसारखं, गुळगुळीत, ते बघितल्यावर दुसरं काही वाटतच नाही. टॉटमचं पान लहानसर, त्यावर बारीक लव, दात असलेच तर एक ते तीन. ग्लाब्रमचं पान उलट रुंद, गडद हिरवं, बिनलवेचं आणि टोकाला खूप दात, ग्लाब्रम म्हणजेच बिनकेसाचं. पॅटर्सोनीचं पानही रुंद आणि दातेरी. कोनोकार्पोडेंड्रॉन, ज्याचं एवढं मोठं नाव आहे आणि जे खरंच झाडाएवढं वाढतं, त्याच्या दोन उपजाती आहेत, एकीचं पान राखाडी लवेने भरलेलं आणि दुसरीचं हिरवं, दात दोन्हीत भरपूर. रिफ्लेक्समचं पान लहान, करडं, आणि ती लहान करडी पानं दांडीभर गर्दीने बसलेली. क्युनिफॉर्मेचं पान पाचरीसारखं, बुडाशी निमुळतं आणि टोकाकडे रुंद.

पॅटर्सोनीबद्दल एक गोष्ट इथे सांगते, ओळखीशी थेट संबंध नाही पण मला महत्त्वाची वाटते. यातल्या बहुतेक जातींना आम्लधर्मी, निकस, पाणी न साचणारी जमीन लागते, फॉस्फरस जास्त झाला की त्या आजारी पडतात कारण त्यांची मुळं अगदी थोडक्यातून अन्न ओढून घ्यायला बनलेली आहेत. पॅटर्सोनी मात्र रानात चुनखडीच्या जमिनीवर वाढते, आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या अगुलास टोकाजवळच्या किनारपट्टीत. त्यामुळे ज्यांच्या जमिनीत चुना आहे असे लोक तिच्याकडे वळतात आणि संकर करणाऱ्यांनाही ती हवीशी वाटते. म्हणून बाजारातल्या फुलात पॅटर्सोनीचं रक्त सापडलं तर नवल नाही.

तिसरी खूण टाचणीची, म्हणजे ती कशी वळते आणि तिचं डोकं कसं आहे. दुरून सगळ्या टाचण्या सारख्या, जवळून नाही. कॉर्डिफोलियमच्या टाचण्या आतल्या बाजूला कमानीसारख्या वळतात त्यामुळे गड्डा वरून चपटा गोल दिसतो, आणि टाचणीचं डोकं सरळ नसतं, तिरकं, भोवऱ्यासारखं. यासाठी भिंग लागतं, साधं चालतं, नाहीतर मोबाईलने जवळून फोटो काढून मोठा करून बघायचा. टॉटमच्या टाचण्या पूर्ण उमलल्यावर आडव्या पसरतात, चाकाच्या आऱ्यांसारख्या, आणि रंग गुलाबीसर-पिवळट. रिफ्लेक्समच्या टाचण्या आधी वर असतात आणि मग एकेक करून चक्क खाली मागे वळतात, पूर्ण झालेलं फूल उलट्या रॉकेटसारखं दिसतं आणि इंग्रजीत त्याला रॉकेटच म्हणतात. कॅथरिनाच्या टाचण्यांची टोकं एका दिशेने पिळलेली असतात, वरून बघितलं तर भुईचक्र फिरतंय असं वाटतं. या शेवटच्या दोघी केपमधल्या सिडरबर्ग डोंगरातल्या, आणि एकदा बघितल्यावर यांच्यात चूक होत नाही. चूक होते ती कॉर्डिफोलियमच्या आसपासच्या सगळ्या केशरी गर्दीत.

तिथेच खरा पेच आहे, कारण कापून विकलं जाणारं पिनकुशन ही बहुतेक वेळा शुद्ध जात नसतेच, तो संकर असतो. १९७२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन रूर्क यांनी या वंशाची नीट फेरमांडणी केली, रानातल्या जातींसाठी ती पायाभूत आहे, पण ती पद्धत घेऊन तुम्ही फुलांच्या बादलीसमोर उभे राहिलात तर अडकणारच, कारण बादलीतलं फूल रानात कुठे उगवलेलंच नाही, ते पैदास करणाऱ्याच्या वाफ्यातलं आहे. दक्षिण आफ्रिकेत, इस्राएलमध्ये, हवाई बेटांवरच्या विद्यापीठात अशी पैदाशीची कामं झाली आहेत. 'सक्सेशन' म्हणजे लिनिअर आणि कॉर्डिफोलियम. 'हाय गोल्ड' म्हणजे कॉर्डिफोलियम आणि पॅटर्सोनी. 'स्कार्लेट रिबन' म्हणजे ग्लाब्रम आणि टॉटम. 'वेल्डफायर' म्हणजे ग्लाब्रम आणि कोनोकार्पोडेंड्रॉन. 'हवाई गोल्ड' म्हणजे कोनोकार्पोडेंड्रॉन आणि कॉर्डिफोलियम. ही यादी पाठ करायची गरज नाही, पण एक गंमत बघा, आईबापांच्या खुणा माहीत असल्या की मुलामध्ये त्या शोधता येतात. स्कार्लेट रिबनमध्ये टॉटमचा तो मोकळा पसारा आणि रिबिनी येतात. सक्सेशनमध्ये पान कॉर्डिफोलियमपेक्षा अरुंद आणि लांब होतं पण लिनिअरइतकं पट्टीसारखं नाही, दोघांच्या मधलं.

एक सोयीची गोष्ट म्हणजे ही वाणं बियांपासून नाही तर छाटकलमांपासून वाढवतात, म्हणजे एका वाणाची सगळी झाडं एकमेकांची हुबेहूब नक्कल. त्यामुळे एकदा एखाद्या वाणाचं पान नीट ओळखलं की पुढच्या वेळी ते तसंच मिळतं, शेत बदललं तरी. बियांची रोपं असती तर प्रत्येक झाड वेगळं निघालं असतं. मी म्हणूनच पानं जपून ठेवते, जुन्या वहीत दाबून, प्रत्येकाखाली नाव, कुणी सांगितलं ते, आणि ते नाव मला किती खात्रीचं वाटतं ते. दोन वर्षं माझ्या वहीत एका पानाखाली कॉर्डिफोलियम लिहिलेलं होतं, ज्यांनी फूल दिलं त्यांनी तसं सांगितलं होतं आणि मीही रंग बघून मान्य केलं होतं. मग खरं कॉर्डिफोलियम हातात आलं, ते रुंद, बुडाशी हृदयासारखं पान, आणि वहीतलं पान शेजारी ठेवल्यावर दिसलं की ते त्याच्या निम्म्याहून बारीक आहे. तेव्हापासून खात्रीचा रकाना आला.

महिन्याने काही कळतं का, असंही विचारतात. रानात हो. केपमध्ये मुख्य बहर ऑगस्ट ते नोव्हेंबर, त्यांचा वसंत, आणि प्रीकॉक्स नावाची जात आहे ती नावाप्रमाणे लवकर सुरू होते. पण कापलेल्या फुलात महिन्याचा पुरावा कमकुवत. एक तर उत्तर गोलार्धात लावलं की सगळं सहा महिन्यांनी सरकतं. दुसरं, शेतकरी मुख्य कळी खुडून टाकतात, मग बाजूची राखीव कळी वाढते आणि फूल काही आठवडे उशिरा येतं, बाजाराच्या वेळेला गाठण्यासाठी. त्यामुळे 'हे या महिन्यात आलंय म्हणजे अमुकच' असं कुणी म्हणालं तर मी पानच मागते.

आणि कापण्यातच बराच पुरावा हरवतो हे मला खरंच खुपतं. झुडूप उभं होतं की जमिनीवर पसरलेलं, बुडाशी काय होतं, हे दांडीवर नसतं. क्युनिफॉर्मेचं उदाहरण घ्या, तिच्या खोडाच्या बुडाशी चामखिळीसारखे उंचवटे असतात आणि आगीनंतर ती तिथूनच पुन्हा फुटते, इतकी ठळक खूण, पण ती शेतातच राहते. शिवाय खालची पानं काढून टाकतात, पाण्यात कुजू नयेत म्हणून, ते बरोबरच आहे, पण मग उरतात ती फुलाजवळची लहान पानं आणि ती खालच्या पानांपेक्षा वेगळी असतात. म्हणून माझी एक विनंती असते सगळ्यांना, पानं काढायच्या आधी दांडीच्या मधलं एक पान बाजूला ठेवा. मधलंच, अगदी वरचं नको. आणि जमलं तर ज्यांनी पिकवलं त्यांना वाणाचं नाव विचारा, प्रोटियाच्या वाणांची आंतरराष्ट्रीय नोंद ठेवली जाते, नोंदलेलं नाव मिळालं तर अंदाजाची गरजच नाही.

नाव मिळालं नाही तर? तर जातीचं नाव छातीठोकपणे लिहू नये असं माझं मत आहे. 'कॉर्डिफोलियम' लिहिलं की वाचणारा त्याला रानातली जात समजतो, आणि मग तोच फोटो पुढे पुढे जात राहतो आणि पुढच्या माणसाची सुरुवातच चुकीच्या फुलापासून होते. 'ल्यूकोस्पर्मम संकर, केशरी, अरुंद पान, दोन-तीन दात' असं लिहिलं तर ते खरं आहे आणि उपयोगाचंही आहे, कारण उद्या कुणी जाणकार ते वाचून नाव सांगू शकतो.

तर मैत्रिणीचे तीन फोटो सकाळी आले. बाजूने बघितल्यावर फूल कलतं होतं, काटकोनात नाही पण सरळही नाही. टाचण्या आत वळलेल्या, खालच्या ओळीतल्या सुटलेल्या आणि वरच्या अजून कड्यांमध्ये. पान कागदावर ठेवलेलं, लांबट, अरुंद, गुळगुळीत, टोकाला तीन दात आणि तिन्हींवर लाल ठिपका. कॉर्डिफोलियमचं कलणं आणि लिनिअरचं पान. मी तिला लिहिलं की या दोघांचा संकर दिसतोय, सक्सेशन असू शकेल, पण पिकवणाऱ्याला विचारल्याशिवाय ते नाव लिहू नको. तिने लेबलवर 'पिनकुशन, ल्यूकोस्पर्मम संकर' लिहिलं आणि मला विचारलं की दुसऱ्या बादलीत पिवळी आहेत, त्यांचंही मधलं पान काढून ठेवू का. मी म्हटलं ठेव, आणि दोन ठेव, एक माझ्या वहीसाठी.